मोजणी आधी, इसार नंतर: आबांना जाहीर आभाराचं पत्र

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

भूकरमापकाच्या नोकरीतून तुम्ही निवृत्त झालात, पण दापोलीपासून मालवणपर्यंत कुणी जुनं घर घ्यायला निघालं की पहिला फोन अजूनही तुम्हालाच जातो. घरखरेदीचे कागद बघणारे आम्ही पाच-सहा जण मोजणी तुमच्याकडूनच शिकलो. त्याचे आभार चारचौघांत मानायचे होते. नुसतं धन्यवाद म्हटलं तर तुम्ही हसून फोन ठेवाल, म्हणून तुम्ही काय शिकवलंत तेच लिहून काढतो. दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडलं तर तेही तुमच्याच खाती.

गिऱ्हाईक विचारतं, "सरकारी मोजणी करू की खाजगी सर्व्हेअर आणू?" तुमचा उलटा प्रश्न ठरलेला: "मोजायचंय काय?" विकणाऱ्याचा हिस्सा नंबर (सर्व्हे नंबराचा पोटभाग) सातबारावर एकट्याचा असेल आणि त्याची हद्द हवी असेल तर भूमी अभिलेख खात्याकडून हद्द कायम मोजणी. सातबारा सामाईक असेल (आणि आपल्याकडे तो असतोच, पणजोबांपासूनची नावं खाली उतरत आलेली) तर हद्द कायम करून फक्त नंबराची बाहेरची रेघ कळते. आत विकणाऱ्याचा वाटा कुठे पडतो ते ती मोजणी सांगत नाही. त्यासाठी पोटहिस्सा मोजणी लागते आणि तिला सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते. एक भाऊ बोरिवलीत, एक बडोद्यात, एका बहिणीचं नावच चढलेलं नाही, असं असेल तर आधी वारस फेरफार (वारसांची नावं सातबारावर चढवणं), मग जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप आणि त्यानंतर मोजणी. तुकडेबंदी कायद्यात (ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे पाडायला मनाई) तो तुकडा वेगळा होतो का, हेही त्याआधीच विचारून घ्यायचं. घर, विहीर, माड, उतार, रस्ता हे सगळं एका नकाशावर हवं असेल, तर तिथे खाजगी सर्व्हेअर टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) घेऊन यावा. आर्किटेक्टला त्याचा नकाशा लागतोच. पण शेजाऱ्याशी हद्दीचा वाद झाला तर तो नकाशा पुढे करून भागत नाही. म्हणून तुम्ही दोन्ही करायला लावता: आधी खाजगी, म्हणजे ताब्यात प्रत्यक्ष किती आहे ते कळतं, आणि मग सरकारी, म्हणजे त्यातलं कागदावर किती आहे ते.

क्षेत्राचा हिशेब तुम्ही सिगारेटच्या पाकिटावर मांडून दाखवायचात. सातबारावर ०.२०.०० म्हणजे वीस आर, २००० चौरस मीटर. विकणारा त्यालाच वीस गुंठे म्हणतो आणि दरही गुंठ्याचा लावतो. पण गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. वीस गुंठ्यांचे २०२३ चौरस मीटर होतात. तेवीस चौरस मीटरांचा, म्हणजे अडीचशे चौरस फुटांचा फरक! एका पडवीचे पैसे हवेत गेले. दुसरी चूक टेपची. आपल्या जमिनी उताराच्या, आणि कागदावरचं क्षेत्र आडव्या मापाचं. चाराला एक असा उतार असेल तर जमिनीवर टेप टाकून मोजलेले ४० मीटर नकाशावर ३८.८ भरतात. मोबाईलच्या ॲपवर फिरून काढलेलं क्षेत्र तर बोलूच नये. त्याची चूक तीन ते पाच मीटरची, आणि घराचा दर्शनी भाग अख्खा वीस मीटरचा. महाभूनकाशा (सरकारचा ऑनलाइन जमीन-नकाशा) उपग्रहाच्या चित्रावर ठेवून कुंपण ठरवणाऱ्यांना तुम्ही एकच सांगता की आकार बघा, जागा ठरवू नका.

अर्जाची गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. घेणारा स्वतःच्या नावाने मोजणीचा अर्ज करू शकत नाही. सातबारावर नाव असलेल्यानेच तो करायचा, किंवा त्याने कुलमुखत्यारपत्र द्यायचं. म्हणजे मोजणी मागायची ती विकणाऱ्याकडे, आणि तीही इसार देण्याआधी. अगदीच नड असेल तर साठेखतात (विक्रीच्या करारात) कलम घालायचं, की मोजणीअंती जे क्षेत्र निघेल त्यावर किंमत ठरेल, आणि रेकॉर्डच्या हद्दीबाहेर घराचा कुठलाही भाग निघाला तर इसार परत. विकणारा या कलमाला कां-कूं करायला लागला की समजायचं, त्याला काहीतरी माहीत आहे.

१ डिसेंबर २०२४ पासून ई-मोजणीच्या (सरकारी मोजणीच्या ऑनलाइन अर्जाच्या) नव्या दरांत दोनच प्रकार उरले: नियमित आणि द्रुतगती. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत तेव्हा नियमितला २००० रुपये आणि ९० दिवस, द्रुतगतीला ८००० रुपये आणि ३० दिवस ठरले. साठेखताची मुदत या दिवसांवर बेतावी, आणि वर महिनाभर मोकळा ठेवावा, कारण क प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) हातात यायलाही वेळ जातो. घर एका हिस्सा नंबरात आणि खळं नाहीतर विहीर शेजारच्या नंबरात असेल तर दोन्ही नंबर मोजायला टाकायचे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवून "घर आमचंच" म्हणणाऱ्याला तुम्ही शांतपणे सांगता, ती करआकारणी आहे, हद्द नाही.

लगतधारकांची (शेजारच्या जमिनींच्या मालकांची) यादी हा तुमचा खास विषय. नोटीस सातबारावरच्या पत्त्यावर गेली, माणूस चाळीस वर्षं मुंबईला, पाकीट परत आलं, आणि मोजणी झाल्यावर तो गणपतीला गावी उतरून म्हणाला, "मला कुणी विचारलंच नाही." म्हणून यादीत गावचा आणि मुंबईचा असे दोन्ही पत्ते, फोन नंबर, आणि पोलीस पाटलांकडून नावांची खातरजमा. तरीही कुणाला मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणीचा (वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणीचा) रस्ता आहे. त्याच्या घरासमोर भांडत बसू नये.

जून ते सप्टेंबर मोजणीचा हट्ट धरू नये, हेही तुमचंच. खाचरात लावणी, गडग्यावर (दगडी कुंपणावर) पुरुषभर रान, रेघ दिसणार कुठून? दिवाळीनंतर बेणणी करून घ्यायची, आदल्या दिवशी कोयतेवाले दोन गडी, चुना, सुतळी, खुंटे आणि हद्दीचे दगड तयार ठेवायचे. दगड काळा असावा नाहीतर सिमेंटचा खांब. जांभ्याचा चिरा पुरला तर दोन पावसाळ्यांत तो कुणाच्या तरी गडग्यात बसलेला असतो. पुळणीवरच्या जागेत तर खांब दोन फुटांपेक्षा खोल घालावा.

मोजणीच्या दिवशी कुठे बघायचं, हे आम्हाला तुमच्याइतकं कुणीच समजावून सांगितलं नसेल. सगळे रोव्हरकडे (उपग्रहांवरून जागा टिपणाऱ्या यंत्राकडे) बघतात. राज्यात ७७ कॉर्स स्टेशनं (रोव्हरची चूक सुधारून देणारी कायमची केंद्रं) झाली, त्यांच्याशी जोडलेला रोव्हर सेंटीमीटरात स्थान सांगतो, हे खरंच. पण माडांच्या दाट बागेत त्याला आकाश दिसत नाही. आकडा हलायला लागला की टोटल स्टेशन लावायला सांगायचं. आणि ज्या टिपणाशी (मूळ मोजणीच्या नोंदीशी), फाळणी नकाशाशी (पोटहिस्से पाडल्याच्या नकाशाशी) ते ताडायचं, तो कागद मोजणीच्या साखळीच्या आणि नकाशा काढायच्या फळ्याच्या काळातला. म्हणून मोजणी सुरू कुठून झाली ते बघायचं. परवाच बांधलेला गडगा धरून सुरुवात केली तर अख्खा नंबर बाजूला सरकतो. तीन नंबर मिळतात तिथला जुना दगड, जुनी विहीर, देवळाचा कोपरा, अशा आपल्या जागेच्या बाहेरच्या निदान तीन जुन्या खुणा जुळल्याशिवाय आतली रेघ मानायची नाही. शेवटी जबाब लिहून घेतात. तो वाचल्याशिवाय सही नाही. "हद्द दाखवली, मान्य आहे" याखाली सही करण्याआधी प्रत्येक खुणेपाशी एकदा स्वतः उभं राहून यायचं आणि फोटो काढून ठेवायचा.

क प्रत आली की लोक क्षेत्राचा आकडा बघतात आणि घडी घालतात. तुम्ही बोट ठेवता ते रेघांवर. रेकॉर्डची हद्द एका रेघेने, वहिवाट (प्रत्यक्ष ताबा) दुसऱ्या रेघेने. त्या दोन रेघांमध्ये जी चिंचोळी पट्टी उरते, तिच्यात न्हाणीघर आहे, सेप्टिक टँक आहे की नुसती केळ, यावर सौदा ठरतो. मग खालची टीप. "अतिक्रमण" हा शब्द तिथेच बारीक अक्षरात असतो. रस्ता नकाशात दिसत नसेल तर येण्याजाण्याची वाट खरेदीखतात रुंदीसह लिहून घ्यायची. विहीर सामाईक असेल तर पाण्याचा हक्कही.

समुद्राजवळच्या घरासाठी तुम्ही एक जादा पायरी सांगता. भरतीरेषा ओहोटीच्या वेळी पावलं टाकून ठरत नाही. मंजूर सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) नकाशावरून अंतर काढावं लागतं आणि खाडीकाठालाही नियम लागतो. बांधकाम दुरुस्त करायचं की नवं बांधायचं, यावर पुढचं सगळं अवलंबून. कूळ कायद्याच्या कलम ४३ चा शेरा (कुळाला मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवरचं बंधन), कुळाची नोंद, खाजगी वनाचा शेरा हे "इतर हक्क" रकान्यात बघायचं, हे तर तुम्ही झोपेतही सांगाल. वाळवीने खाल्लेले वासे आणि खाऱ्या वाऱ्याने फुगलेला स्लॅब बघायला मात्र तुम्ही दरवेळी गवंड्याकडेच धाडता.

आबा, तुमची लगतधारकांच्या यादीची वही आम्ही स्वच्छ लिहून काढली आहे, रकाने तुमचेच. मूळ वही परत द्यायला येतोय. खाडीपलीकडच्या एका घराची फाळणी जुळत नाहीये, तिची नक्कलही आणतो. जुना चष्मा काढून ठेवा.

आपले,
किनाऱ्यावरचे कागदवाले