जिना चढायला लावणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवता आलं असतं. पण दमट उकाड्यात अंगभर सुया टोचाव्यात तसं होतं आणि कोणाला दाखवायला जावं तर कातडीवर काहीच नसतं, अशी माझ्यासारखी आणखीही माणसं असणार. त्यांच्याही नजरेस पडावं म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

तुमच्याकडे येईपर्यंत बरंच काही ऐकून झालं होतं. घामोळं आहे, पावडर लावा. साबण बदला. रक्त बिघडलंय. शेवटी, मनावर घेऊ नका. हे शेवटचं फार लागायचं. कोंदट हवेत जरा भराभर चाललं तरी पाठ, छाती, दंड नुसते चुणचुणायचे, आणि दवाखान्यात नंबर लागेपर्यंत सगळं शांत. मग समोरच्याने विश्वास ठेवावा तरी कशावर?

तुम्ही ठेवलात. तपासण्याआधी नीट बसवून विचारलंत: उकडल्यावर किती वेळाने सुरू होतं? किती वेळ टिकतं? गरम पाण्याने आंघोळ केल्यावर होतं का? तिखट खाल्ल्यावर? रागावल्यावर, घाबरल्यावर? मी एकेकाला हो म्हणत गेले. मग तुम्ही म्हणालात, "जिना चढा-उतरा, चांगला घाम फुटला की या. काही त्रास वाटला तर लगेच थांबा." सोबत नर्सलाही पाठवलंत.

परत आले तेव्हा दंडावर दोन-तीन मिलिमीटरच्या बारीक गांधी उठल्या होत्या, प्रत्येकीभोवती लाली. तुम्ही पेनने त्यातल्या काहींभोवती गोल काढलेत, घड्याळात वेळ बघितलीत आणि मला बाहेर बसवलंत. पुन्हा आत बोलावलंत तेव्हा दंडावर शाईचे गोल तेवढे उरले होते. त्या रिकाम्या गोलांकडे बघताना मला भरून आलं. माझा त्रास खरा होता, आणि तो माझ्याखेरीज आणखी कोणीतरी पाहिला होता.

मग तुम्ही समजावून सांगितलंत. शरीर तापलं की मेंदू घामाच्या ग्रंथींना कामाला लावतो, आणि तो निरोप त्यांच्यापर्यंत पोचवणाऱ्या रसायनाचं नाव अ‍ॅसिटिलकोलिन. काही जणांच्या त्वचेत त्याच सुमारास हिस्टामिन हे खाज आणि सूज आणणारं रसायनही सुटतं आणि अंगावर हे बारीक पित्त उठतं. म्हणून याला कोलिनर्जिक अर्टिकेरिया म्हणतात. घामोळ्यात घामाच्या नळ्या बुजतात, घाम त्वचेतच अडकतो आणि पुरळ काही दिवस राहतं. या गांधी बहुतेक वेळा तासाभरात विरतात. हवा दमट असली की घाम वाळत नाही, अंग निवत नाही, त्रास वाढतो. कोरड्या उन्हापेक्षा ढगाळ, कोंदट दिवस मला का जड जातात, हे तेव्हा कळलं.

माझ्या पिशवीतली मलमाची ट्यूब तुम्ही हातात घेतलीत, बारीक अक्षर वाचलंत आणि म्हणालात, "यात स्टिरॉइड आहे. उगाच लावत राहिलात तर कातडी पातळ होईल." आधी ते कोणीच बोललं नव्हतं. झोप न आणणारी अँटिहिस्टामिनची गोळी दिलीत. खाज सुटली की मगच नाही, तर रोज घ्यायची. कोमट पाणी, सैल सुती कपडे, व्यायाम गारव्याच्या वेळी. आणि एक गोष्ट दोनदा बजावलीत: ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, भोवळ आली, तर वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

पूर्ण बरं होईल का, असं मी विचारलं. हा त्रास बऱ्याच जणांचा काही वर्षांनी आपोआप ओसरतो, पण तुमचा कधी ते आज सांगता येणार नाही, असं तुम्ही स्पष्ट म्हणालात. खोटा दिलासा दिला नाहीत, म्हणून तुमच्या बाकीच्या बोलण्यावरही माझा विश्वास बसला.

आता उकाड्यात कधीतरी चुणचुणतं, पण घाबरायला होत नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाला असंच होत असेल तर पुरळ दिसताक्षणी फोटो काढा, सुरू झाल्याची आणि गेल्याची वेळ लिहून ठेवा आणि ते घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

मॅडम, बाहेर इतके पेशंट ताटकळत असताना तुम्ही मला तेवढा वेळ दिलात. मनापासून आभार.

तुमची,
एक पेशंट