पेठांतील अभ्यासिका तपासा

महोदय,

फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ मध्ये सुरू झाले, विद्यापीठ १९४९ मध्ये. म्हणजे विद्यार्थ्यांची गर्दी पुण्याला नवी नाही. तरी सदाशिव, नारायण, नवी पेठेतले आम्ही रोज कुरकुरतो. दारात आडव्या लावलेल्या दुचाकी, मध्यरात्रीपर्यंत टपरीवर रंगलेल्या गप्पा! पण याच मुलांच्या ‘कॉट बेसिस’च्या भाड्यावर इथली कित्येक घरे चालतात, हे कुणी बोलत नाही. एका खोलीत चार-पाच कॉट, भाड्याची पावती नाही, सोडताना अनामतीतून रंगकामाचे पैसे कापलेले. राज्यसेवेच्या तयारीसाठी मराठवाडा-विदर्भातून आलेली मुले रविवारी रात्री मेस बंद म्हणून पोह्यांवर भागवतात.

मला खरी धास्ती वाटते ती काही अभ्यासिकांची. जुन्या इमारतीचा वरचा मजला, खेटून मांडलेली टेबले, प्लायवूडचे आडोसे, लोंबणाऱ्या वायरी आणि उतरायला एकच अरुंद जिना. महापालिकेने या सगळ्यांची अग्निसुरक्षा तपासावी आणि सुरक्षित अभ्यासिकांची यादी क्षेत्रीय कार्यालयात लावावी. गावाकडून मुलाला सोडायला आलेल्या पालकांना निदान तेवढी तरी माहिती मिळेल.

– एक रहिवासी, सदाशिव पेठ, पुणे