नुसती लिंक नको, फसलेली पायरीही कळवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर परिपाठाची घंटा होण्याआधीच आठ-दहा लिंक येऊन पडलेल्या असतात. व्हिडिओ, कृतिपत्रिका, खेळ, गोष्टी. सगळे मोफत, आणि त्यातले बरेच खरोखर चांगले. तरीही वर्गात त्यातले फार थोडे उतरते. कारण पाठवणारा दोन गोष्टी सांगत नाही: कृतीला काय काय लागते, आणि ती कुठे फसते. द्विशिक्षकी शाळेत तीन-तीन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकाला पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत चुका करून शिकायला सवड नसते. मुलांसमोर प्रयोग एकदा फसला की तो पुन्हा त्या वाटेला जात नाही. म्हणून काही मोफत साधने त्यांच्या खाचाखोचांसह इथे मांडत आहोत.

गोष्टींपासून सुरुवात करू. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर (सुरुवात २०१५) मराठी गोष्टी वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. त्या उतरवून घेता येतात, छापता येतात, भाषांतर करून आपल्या बोलीतही आणता येतात. अडचण येते ती छापताना. १६ पानांची गोष्ट ए-४ आकाराच्या ४ कागदांवर पुस्तिकेसारखी बसते. त्यासाठी छपाईच्या खिडकीत ‘बुकलेट’ निवडायचे आणि कागद छोट्या कडेवरून उलटतो आहे ना, हे पाहायचे. लांब कडेचा पर्याय राहिला तर मागची पाने डोके खाली येतात. झेरॉक्सच्या दुकानात हीच चूक हमखास होते. आधी एकच प्रत काढून, दुमडून, पाने चाळून पाहावी, मग पंचवीस सांगाव्यात. काळ्या-पांढऱ्या छपाईसाठी गडद पार्श्वभूमीच्या चित्रांची गोष्ट घेऊ नये, चित्राचा नुसता काळा डाग होतो. आणि शेवटचे श्रेयनामांचे पान कागद वाचवण्यासाठी गाळू नये. लेखक-चित्रकारांचे नाव देणे ही मोफत वापराची अटच आहे.

विज्ञानासाठी अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ हा उपक्रम आहे. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये तो सुरू केला. त्यातली बरीच प्रतिरूपे, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, मराठीत आहेत. प्रत्येक प्रतिरूप एकेका फाइलच्या रूपात उतरवता येते, पेनड्राइव्हवरून शाळेच्या लॅपटॉपवर टाकले की नेट नसतानाही ब्राउझरमध्ये चालते. जुन्या लिंकवरची जावा किंवा फ्लॅश या जुन्या तंत्रांतली रूपे मात्र बऱ्याचदा उघडत नाहीत, नवीच घ्यावीत.

पण पडद्यावर बल्ब पेटलेला दाखवला की धडा झाला, असे होऊ नये. आधी फळ्यावर एकसर जोडणीतले, म्हणजे एकाच वाटेत एकामागे एक जोडलेले, दोन सारखे बल्ब काढा आणि विचारा, कोणता जास्त उजळेल? हात मोजून आकडे फळ्यावर लिहा. बरीच मुले पहिला बल्ब सांगतात, कारण त्यांच्या मते तो वीज ‘खाऊन टाकतो’. मग पडद्यावर जोडणी करा. दोन्ही सारखेच पेटतात तेव्हा जी कुजबुज सुरू होते, तिथून खरे शिकवणे सुरू होते.

त्यानंतर तीच जोडणी हाताने व्हायला हवी, आणि इथे आज एक नवा घोळ आहे. दुकानात टॉर्चचा तारेचा बल्ब मागितला तर बऱ्याचदा एलईडी हातात पडतो. दीड व्होल्टच्या एका सेलवर एलईडी पेटत नाही, आणि मुलांना वाटते आपलेच चुकले. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात, पांढऱ्याला ३ च्या आसपास. एलईडीच वापरायचा तर दोन सेल, लाल एलईडी आणि १०० ओहमचा एक रोधक (वीजप्रवाह मर्यादेत ठेवणारा भाग) एकसर जोडावा. रोधक नसेल तर एलईडी जळू शकतो. लांब पाय सेलच्या धन टोकाकडे. उलटा जोडला तर पेटणार नाही.

खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरची टाकाऊतून खेळणी अनेकांना माहीत आहेत. त्यातली स्ट्रॉची पिपाणी ध्वनीच्या धड्याला फार उपयोगी: टोक २ सेंमी चपटे करायचे, दोन तिरके काप देऊन व्हीचा आकार करायचा आणि फुंकायचे. फुंकता फुंकता दुसरे टोक कातरीने २-२ सेंमी कापत गेले की स्वर चढत जातो. पण १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर देशभर बंदी आहे, आणि कागदी स्ट्रॉ ओला झाला की गप्प बसतो. त्यावर उपाय म्हणजे कापण्याआधी टोकाला मेणबत्ती घासणे आणि फूटपट्टीच्या कडेने ते नीट दाबून चपटे करणे. तरी आवाज आला नाही तर स्ट्रॉ थोडा आत घ्यावा. ओठ कापलेल्या पात्यांवरच दाबले जातात, म्हणून त्या थरथरत नाहीत. एक पाते लांब, एक आखूड झाले तरी तेच होते. चाळीस मुलांच्या वर्गाला साठ स्ट्रॉ धरावेत.

बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात मोफत मिळतात, आणि ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवरचे घटक पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून उघडतात. घटक वर्गात नव्हे, आदल्या दिवशी रेंज असेल तिथे उतरवून ठेवावा. एवढे केले तरी पुष्कळ.

आता आम्हाला सर्वांत प्रिय असलेली कृती: सावलीवरून दोन गावांमधले दक्षिणोत्तर अंतर काढण्याची. तिला एक सरळ काठी, ओळंबा, मोजपट्टी आणि दूरच्या जिल्ह्यातली एक मित्रशाळा एवढेच लागते. १ मीटर काठी सपाट जागेत उभी रोवायची आणि मध्यान्हीची, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असतानाची, सावली मोजायची. विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र जवळजवळ सारखे असतात त्या २२-२३ सप्टेंबरला, ही सावली पुण्यात सुमारे ३३.५ सेंमी आणि नागपुरात ३८.७ सेंमी भरते. पहिली चूक वेळेची. घड्याळात बारा वाजले म्हणजे मध्यान्ह नव्हे. त्या दिवसांत नागपुरात ती सुमारे १२ वाजून ६ मिनिटांनी होते, पुण्यात १२ वाजून २७ मिनिटांनी. म्हणून पावणेबारापासून पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करायची आणि सर्वांत आखूड सावली घ्यायची. (विषुवदिनी या खुणा पूर्व-पश्चिम सरळ रेषेत येतात, सुतळी ताणून मुलांना दाखवावे.)

दुसरी चूक टोकाची. सूर्य ठिपका नाही, तबकडी आहे, त्यामुळे सावलीची कड सुमारे सेंटिमीटरभर धूसर असते. धूसर पट्ट्याचा मध्य धरायचा, आणि दोन्ही शाळांनी तोच धरायचा. तिसरी काठीची: ती ओळंब्यात नसेल तर सगळे मोजमाप वाया.

मग सावली भागिले काठीची लांबी, त्यावरून मोबाइलच्या गणकयंत्रात व्यस्त टॅन (tan⁻¹ हे बटण) काढून कोन. नववी-दहावीच्या मुलांना हे जमते. दोन शाळांच्या कोनांतला फरक गुणिले १११ केले की दोन गावांमधले दक्षिणोत्तर अंतर किलोमीटरमध्ये मिळते. पुणे-नागपूर फरक सुमारे २.६ अंश, म्हणजे २९० किलोमीटरच्या आसपास. हे रस्त्याचे अंतर नव्हे, नागपूर पूर्वेलाही बरेच आहे, हे आधीच सांगून ठेवावे. कोनमापकाने कागदावर आकृती काढून कोन मोजू नये; एका अंशाची चूक म्हणजे १११ किलोमीटर. सप्टेंबरात ढग असतील तर ऑक्टोबरातला कोणताही स्वच्छ दिवस चालतो, फक्त दोन्हीकडे तोच दिवस हवा. सावल्या लांबतील, कोनांतला फरक तेवढाच राहील.

आपल्या दैनिकाला विनंती अशी, की आठवड्यातून एकदा दीडशे शब्दांची जागा शिक्षकांच्या अशा कृतींना द्यावी. त्यात इयत्ता, घटक, साहित्य आणि त्याचा खर्च, प्रत्यक्ष लागलेली मिनिटे, आणि न जमलेली पायरी एवढेच असावे. न जमलेली पायरी लिहिली नसेल तर मजकूर परत पाठवावा. शाळांच्या केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेतही दहा मिनिटे याच पद्धतीने एखादी कृती करून दाखवता येईल.

पहिला मजकूर सावलीचा असावा आणि त्यासोबत शाळांच्या जोड्या जुळवाव्यात. सावंतवाडीकडची एक आणि नागपूरकडची एक अशी जोडी सर्वांत चांगली: अक्षांशांतला फरक पाच अंशांहून अधिक असल्याने सेंटिमीटरभर चूक झाली तरी उत्तर फारसे बिघडत नाही. जोड्यांची यादी ऑगस्टअखेर छापली, तर शाळांना काठ्या रोवून एकदा सराव करायला वेळ मिळेल.

आपले,
विज्ञान व गणित शिकवणारे काही शिक्षक