बापूआजोबा बर्मात नव्हते

ती. आई-बाबांना,
सा. न.

आधी राग येईल ते सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचाल. 7 डिसेंबरचं इटलीचं तिकीट काढलंय. एकटीचं. बाबा, तुमचं मुद्दाम काढलं नाही. रोमहून पेस्कारापर्यंत डोंगर ओलांडून साडेतीन-चार तास रेल्वे, तिथून पुढे तोरिनो दि सांग्रोला गाडी, आणि सैनिकांची दफनभूमी टेकडीच्या उतारावर. डिसेंबरात तिकडे पाऊस आणि गारठा, त्यात तुमचा उजवा गुडघा. डॉक्टरांनी हो म्हटलं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं. आई, मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी मी नसेन. उद्यापनाच्या सवाष्णींना ताई बोलावेल, पुरणही तीच घालेल. तू खाली बसून पाटा-वरवंटा काढायचा नाही.

आता कारण. बाबा, आपण आजवर येणाऱ्या-जाणाऱ्याला “बापू दुसऱ्या महायुद्धात बर्मात मारला गेला” असं सांगत आलो. तसं नाही. पेटीतल्या सहाकोनी पदकाची अक्षरं चिंचेनं घासून घासून गेलीत, फीतही पार विटलीय. पण फीत कडीतून दुमडली होती तिथे आतला रंग शाबूत निघाला: लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल. हा इटली स्टार, इटलीत लढलेल्यांचं पदक. बर्मा स्टारची फीत गडद निळी, मधे रुंद लाल पट्टा आणि दोन बाजूंना नारिंगी. तो रंग पेटीत कुठेच नाही.

घोळ कसा झाला तेही कळलं. पत्रावर गावाचं नाव घालायची सोय नव्हती, पत्त्यात फक्त फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर. आणि घरात सगळे “पाचवी पलटण” म्हणायचे. पाचवी हा रेजिमेंटचा आकडा होता, 5वी मराठा लाइट इन्फन्ट्री. पलटणी तिच्यात अनेक. 3री 1941 च्या मार्चमध्ये एरिट्रियात केरनच्या डोंगरावर इटालियनांशी लढली. 2री 21 जून 1942 ला तोब्रुक पडलं तेव्हा कैदेत गेली. 4थी मार्च 1944 मध्ये मणिपुरात सांगशाकला होती. तिथे खणावं तर थोड्याच खोलीवर कातळ, प्यायला पाण्याची मारामार, तरी 22 ते 26 मार्च जपान्यांना धरून ठेवलं. म्हणून कोहिमाला तयारीला वेळ मिळाला. आपल्या भागातली बरीच मुलं त्या बाजूला होती, म्हणून बापूआजोबाही तिथेच असणार, असं सगळ्यांनी धरून टाकलं. एकाच रेजिमेंटची पोरं एकाच वेळी तीन खंडांत. घरच्यांनी कुठे कुठे लक्ष ठेवायचं?

काकूआजीच्या पेन्शनच्या कागदावरचा शिपाई नंबर घेऊन राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत शोधलं. नावाने सापडले नसते, स्पेलिंग भलतंच आहे, आणि मराठा शब्दातही तेव्हा एक जास्तीचा एच घालत. नंबर जुळला, वडिलांचं नाव जुळलं. 1ली बटालियन, 8वी इंडियन डिव्हिजन, 14 डिसेंबर 1943.

ही डिव्हिजन सप्टेंबर 1943 मध्ये तारांतोला उतरली आणि एड्रियाटिकच्या किनाऱ्याने वर सरकत गेली. तिकडच्या नद्या आडव्या. एक ओलांडली की पुढे दुसरी, आणि प्रत्येकीच्या पलीकडच्या चढावर जर्मन. नोव्हेंबरात सांग्रो नदीला डोंगरातलं पाणी आलं, टाकलेले पूल वाहून गेले, पलीकडे पोचलेल्यांचा दारूगोळा-शिधा तुटायची वेळ आली. पुढे मोरो.

बाबा, बेली पूल तुम्हाला मी सांगायला नको, बांधकाम खात्यात जन्म गेला तुमचा. 10 फुटी पॅनल, साधारण 260 किलोचं, उचलायला सहा माणसं, पिना ठोकून जोडत जायचं, पुढे हलकं नाक लावायचं आणि रोलरवरून ढकलायचं. पण ढकलायला मागे सरळ सपाट जागा लागते, नाहीतर पूल तोंडावर आपटतो. मोरोच्या अलीकडे रस्ता ऐन काठावर वळत होता, जागाच नव्हती. तेव्हा आपल्या सॅपर्सनी, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअरांनी, सगळं सामान पलीकडे नेलं आणि शत्रूच्या काठावरून अलीकडे, उलटा पूल टाकला. त्याचं नावच “अशक्य पूल” पडलं. तुम्ही असता तर पहिल्यांदा वळणाची त्रिज्या विचारली असती.

आई, हे तुझ्यासाठी. काकूआजी शेवटपर्यंत म्हणायची की त्याला अग्नीसुद्धा मिळाला नाही, आम्ही दर्भाचा पुतळा जाळला. इटलीत ज्यांचा पत्ताच लागला नाही त्यांची नावं कसिनो गावातल्या स्मारकावर आहेत. माणगावकडचे यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉसवाले, तेही तिथेच. बापूआजोबा त्या यादीत नाहीत. त्यांचं नाव मी जातेय त्या दफनभूमीतल्या सांग्रोच्या दहन-स्मारकावर आहे, आणि ते स्मारक ज्यांना रीतसर अग्नी दिला त्यांचंच. पाचशेवर नावं आहेत. म्हणजे बरोबरच्या पोरांनी चिता रचली होती. हे काकूआजीला कुणी सांगितलं असतं तर, असं मनात येतं. पण घरात दोष कुणाचा नाही, इंग्रजी वाचणारं होतंच कोण.

प्रीतिसंगमावरचं पाणी मी 100 मिलीच्या बाटलीत नेतेय, विमानात हातात तेवढंच चालतं. तिथली माती आणणार नाही, उगाच विमानतळावर कटकट. नावाचा फोटो सकाळच्या तिरक्या उन्हात काढेन, कोरीव अक्षरं तेव्हाच उठून दिसतात. ऊन नसलं तर बाजूने टॉर्च धरेन. बाबा, तुम्ही लहानपणी मला भिंतीवर टॉर्चने हरीण करून दाखवायचात, तसाच.

आता मुकाट्याने ऐका. पदकाला पितांबरी लावायची नाही, चिंच नाही, लिंबू नाही. उरलेली अक्षरंही जातील. धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, हिरवं पडतं. फीत धुवायची नाही. पेटी परत माळ्यावर टाकायला बाबांनी शिडीवर चढायचं नाही, शेजारच्या पोराला हाक मारा. बीपीची गोळी सकाळचीच, “आज बरं वाटतंय” म्हणून गाळायची नाही. गॅसचा नंबर लावून ठेवलाय. नऊ दिवस रोज रात्री साडेआठला फोन करेन, तेव्हा टीव्हीचा आवाज कमी करा.

आणि आई, पेन्शनच्या कागदाच्या घडीत काकूआजीचा एक केस अडकलेला दिसला. तो तसाच ठेवलाय.

तुमची,
चिमी