बहिणींचा उल्लेख हवा होता

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला स्कॉटलंडचे अंध धर्मोपदेशक जॉर्ज मॅथेसन यांच्यावरचा लेख वाचून मन खट्टू झालं. दृष्टी गेली म्हणून ठरलेलं लग्न मोडलं आणि त्या दुःखातून ‘ओ लव्ह दॅट विल्ट नॉट लेट मी गो’ हे भक्तिगीत जन्मलं, एवढंच लेखकाने रंगवलं आहे. मॅथेसन स्वतः वेगळं सांगून गेले. ६ जून १८८२ला बहिणीचं लग्न होतं, घरचे ग्लासगोला मुक्कामी आणि ते इनेलन या स्कॉटिश गावातल्या घरी एकटे. त्यांना फार यातना देणारं काही घडलं, जे फक्त त्यांनाच ठाऊक होतं. गीत पाच मिनिटांत उतरलं. काय घडलं, ते त्यांनी उघड केलं नाही. लग्न मोडल्याची गोष्ट लोक ते विशीत असतानाची सांगतात. गीत लिहिलं तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते. मधल्या वीस वर्षांचं काय?

त्या वर्षांत त्यांच्या बहिणी होत्या. भावाच्या अभ्यासासाठी त्या ग्रीक, लॅटिन, हिब्रू शिकल्या असं सांगतात. १८८५मध्ये मॅथेसन यांनी बाल्मोरलला, राणीच्या स्कॉटलंडमधल्या वाड्यात, राणी व्हिक्टोरियापुढे प्रवचन दिलं, ते लेखात आहे. बहिणींवर एक ओळ नाही.

मला हे लागलं, कारण माझा धाकटा भाऊ जन्मापासून अंध आहे. त्याच्या एम.ए.ची पुस्तकं मी दोन वर्षं रोज रात्री कॅसेटवर वाचून भरली. तत्त्वज्ञानातले शब्द मला कळत नसत, तरी उच्चार चुकू नये म्हणून आधी दोनदा मनात वाचायचे. तो पहिल्या वर्गात आला. कॉलेजातल्या सत्कारात पाहुणे म्हणाले, “या मुलाने एकट्याने अंधारावर मात केली.” मी तिसऱ्या रांगेत होते. भावाने उत्तराच्या भाषणात माझं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ते नव्हतं. भावाचं कर्तृत्व मोठंच आहे, मॅथेसन यांचंही. पण ‘एकट्याने’ हा शब्द खरा नाही.

जाता जाता आणखी एक. तुमच्या ई-पेपरचं पान म्हणजे नुसतं चित्र असतं, भावाच्या फोनमधलं मजकूर बोलून दाखवणारं स्क्रीन रीडर ते वाचू शकत नाही. बातम्या मजकुराच्या रूपातही द्या, ही मी तिसऱ्यांदा केलेली विनंती. एका अंध माणसावरचा हा लेखही त्याला मीच वाचून दाखवला.

– एक वाचक, सातारा