हात सुकवायचं मशीन बंद करणाऱ्या मावशींना

मावशी, नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत खोपोलीच्या इमॅजिका पार्कात, त्या राइड्सच्या गर्दीत, रोज किती बायका-पोरी तुमच्या डोळ्यांसमोरून जात असतील, त्यात आम्ही लक्षात राहण्याचं तुम्हाला काही कारण नाही. तरी ओळख सांगते. दुपारची वेळ, लेडीज टॉयलेटमध्ये पाय ठेवायला जागा नाही, आणि बेसिनच्या कडेला मानेपर्यंत शी गेलेलं पाच महिन्यांचं बाळ अंगापासून लांब धरून उभी असलेली एक बाई. ती मी.

संध्याकाळी तुम्हाला शोधत परत आले, तेव्हा तुमची ड्यूटी संपली होती. तुमच्या जागी दुसऱ्या ताई होत्या. मी वर्णन सांगू लागले, पण गणवेश सगळ्यांचा सारखा, अंबाडाही बहुतेकींचा, आणि तुमची नावाची पाटी एप्रनखाली झाकलेली होती. म्हणून इथे लिहितेय. वाचणाऱ्यांपैकी कोणी खोपोली-खालापूरकडचं असेल आणि तुम्हाला ओळखत असेल, तर त्यांनी हे तुम्हाला वाचून दाखवावं, एवढीच विनंती.

आधी आम्ही तिथे का आलो होतो ते सांगते, कारण त्या दिवशी हा प्रश्न मला ज्याने त्याने विचारला. ‘एवढ्या तान्ह्या बाळाला घेऊन इथे कशाला?’ तिकिटाच्या रांगेत विचारला, झाडाखालच्या बाकावर विचारला, आमच्याच सोसायटीतल्या एका ओळखीच्या बाई भेटल्या, त्यांनीही विचारला. मावशी, मला मोठी मुलगीसुद्धा आहे. आठ वर्षांची. डायनोसॉरचं तिला वेड आहे. आपल्या देशात, नर्मदेच्या खोऱ्यात, राजासॉरस नावाच्या डायनोसॉरची हाडं सापडली, २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना ऐकवते. त्याच राजासॉरसच्या नावाची बोटीची राइड इमॅजिकात आहे हे कळल्यापासून तिने तो एकच हट्ट धरला होता. त्यात मला दिवस गेले, मग डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं, मग बाळंतपण, मग बाळाची कावीळ. प्रत्येक वेळी तिला ‘पुढच्या सुट्टीत’ असं सांगितलं गेलं आणि प्रत्येक वेळी तिने मान डोलावली. एवढ्याशा पोरीने इतक्या वेळा मुकाट्याने मान डोलवावी, हे मला बघवेना. बाळ अंगावर पितं, त्याला घरी ठेवणं शक्य नाही. म्हणून सगळेच आलो. सासूबाई, नवरा, मोठी, बाळ, दोन पिशव्या आणि एक थर्मास.

तान्ह्याच्या आईने घरात बसावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी तिच्या मोठ्या मुलाचं काय करायचं हेही एकदा सांगावं.

तुम्ही जे केलंत ते मला एवढं का लागलं, हे समजायला त्याआधीचं थोडं सांगायला हवं. त्याच दिवशी सकाळी एक्स्प्रेसवेवर एका फूड मॉलमध्ये थांबलो होतो. कोपऱ्यातल्या टेबलाशी भिंतीकडे तोंड करून, ओढणी घेऊन मी बाळाला पाजायला बसले. तिथला माणूस आला आणि माझ्याशी न बोलता माझ्या नवऱ्याला म्हणाला, ‘साहेब, मॅडमना वॉशरूममध्ये बसायला सांगा, फॅमिली क्राउड आहे.’ आम्ही कोण होतो मग? बाळाच्या तोंडून दूध सोडवून मी उठले आणि गाडीत जाऊन बसले. काचा वर केल्या तर गुदमरायचं, खाली केल्या तर शेजारी उभ्या ट्रकचा हॉर्न. बाळ अर्धवट प्यायलं आणि रडत राहिलं.

त्याआधी एका लग्नात असंच झालं होतं. कार्यालयात वधूपक्षाच्या खोलीला दागिन्यांमुळे कुलूप, वरपक्षाच्या खोलीत पुरुषमंडळी. मला भटारखान्यामागच्या कोठीत पाठवलं. तांदळाच्या पोत्यांमध्ये, गॅसच्या सिलिंडरांना पाठ लावून मी बाळाला पाजलं, आणि तेवढ्यातही कांदे न्यायला माणसं येतच होती. कोणी वाईट वागलं असं नाही. कोणाला काही वाटलंच नाही, एवढंच. बाळंतपणानंतर गोड कौतुक सगळ्यांनी केलं, डिंकाचे लाडू घरोघरून आले, पण बाहेर पाऊल टाकलं की बसायला एक जागा द्यायचं कोणाला सुचत नाही.

आणि सल्ले! ऊन आहे, दोन चमचे पाणी पाज. टोपडं घाल. टोपडं काढ. याला भूक आहे. याचं पोट दुखतंय. दृष्ट लागलीय. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, असं डॉक्टर सांगतात, जागतिक आरोग्य संघटनेचंही तेच म्हणणं आहे. आमच्या लसीकरण केंद्राच्या भिंतीवर तसं पोस्टरच लावलंय. हे मी दर तासाला एकाला तरी समजावत होते.

तर मी तुमच्याकडे पोचले ती अशी, सकाळपासून कानकोंडी झालेली. मोठी आणि तिचे बाबा राजासॉरसच्या रांगेत होते. नायट्रो नावाचा रोलर कोस्टर वरून खाली आला की माणसांचा जो एकदम ओरडा उठतो, त्याने बाळ दचकत होतं. दुधाला तोंड लावायचं, आवाज झाला की सोडायचं. माझं दूध दाटून छातीला कळ लागत होती. आणि नेमका तेव्हाच डायपर गळाला. बाळ ठेवायच्या फळीवर दुसरी एक आई आपल्या बाळाला बदलत होती, म्हणून मी बेसिनपाशी उभी राहिले.

त्या भिंतीवर हात सुकवायचं मशीन होतं. ज्यांच्या हातात तान्हं नाही त्यांना त्याचा आवाज जाणवतही नसेल. कोणी हात पुढे केला की ते घरघर सुरू व्हायचं, आणि बाळाचे दोन्ही हात झटक्यात बाजूला फेकले जायचे. बोटं ताठ, डोळे विस्फारलेले, मग श्वास अडकल्यासारखं होऊन तोंड उघडं, आवाजच नाही, आणि ओठ निळे पडेपर्यंत वाट बघायला लावून एकदम टाहो. जरा शांत होतंय तोवर पुढचा हात. बायका चांगल्या होत्या, ‘अले अले’ करत होत्या, आणि हात सुकवत होत्या. मला कोणाला ‘नका’ म्हणायचं सुचलं नाही. सकाळपासून इतकं ऐकलं होतं, की आपण कोणाला काही सांगू शकतो हेच मी विसरले होते.

तुम्ही फरशीवरचं पाणी ओढत होतात. एकदा माझ्याकडे बघितलंत, एकदा बाळाकडे, आणि एकदा मशीनकडे. मग काही न बोलता भिंतीजवळ गेलात. बटण उंचावर होतं, हात पुरेना. तुम्ही पुसायच्या काठीचं टोक वर केलंत आणि बटण बंद केलंत. आणि तिथेच, मशीनच्या पुढे, काठी टेकवून उभ्या राहिलात.

मावशी, ही एवढीच गोष्ट आहे. पण मला ती अजून सांगता येत नाही. सांगायला लागले की गळा भरतो.

गॉगल डोक्यावर लावलेल्या एक बाई हात पुढे करून म्हणाल्या, ‘हे बंद पडलंय का?’ तुम्ही म्हणालात, ‘बंद नाय पडलं, मी बंद केलंय. बाळ दचकतंय. हात झटका ताई, सुकतील.’ आवाजात ना चिडचिड ना विनवणी. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलंत. त्या बाईंनी खरंच हात झटकले. मागच्या कॉलेजातल्या मुलीने जीन्सला पुसले. तिच्या मैत्रिणीने दार आपटता आपटता हाताने धरलं. मग कोणीतरी म्हणालं, ‘हळू गं, बाळ आहे.’ ज्या खोलीत एवढा वेळ गलका होता, तिथे सगळ्या जणी आपापसात कुजबुजत बोलायला लागल्या. तुम्ही कोणालाही भाषण दिलं नव्हतं. नुसतं बटण दाबलं होतं.

बाळाने दोन हुंदके दिले आणि गप्प झालं. नळाच्या आवाजाकडे कान देऊन माझ्याकडे बघायला लागलं. फळी रिकामी झाली, मी त्याला आडवं केलं, झबलं खांद्यावरून खाली ओढून काढलं, पुसलं, दुसरं घातलं. तुम्ही दोन पावलं लांबच होतात. म्हणालात, ‘माझे हात फिनेलचे हायेत, नायतर मीच धरलं असतं.’

हे वाक्य मी घरी येऊन कितीदा आठवलं असेल. तुमचे हात कशात आहेत याचं भान तुम्हाला होतं, आणि दुसऱ्याच्या लेकराची एवढी काळजी होती की तुम्ही ते सांगून लांब राहिलात. न विचारता बाळाचे गाल ओढणारे, पाव खाल्लेली बोटं त्याच्या तोंडाला लावणारे लोक सकाळपासून मी बघितले होते. तुम्ही मला एक सल्ला दिला नाहीत. बाळ कितवं, मुलगा की मुलगी, दूध पुरतं का, इथे कशाला आणलं, काही विचारलं नाहीत. मला मागायलाही लागलं नाही. जे अडत होतं ते बघितलंत आणि दूर केलंत.

नंतर घरी सासूबाई म्हणाल्या, ‘रायगड जिल्हा आहे तो, हिरकणीचा.’ कोजागिरीच्या रात्री गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्यासाठी कडा उतरून गेलेल्या हिरकणीची गोष्ट आपल्याकडे कोणाला माहीत नाही? तिच्या नावाचा बुरूज गडावर आहे, तिच्या नावाचे कक्ष एसटी स्टँडांवर आहेत. सर्वोच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये राज्यांना सांगितलं, की सार्वजनिक ठिकाणी आयांना बाळाला पाजायला, सांभाळायला जागा असायला हवी, आणि चारचौघांत पाजणाऱ्या आईकडे वाकड्या नजरेने बघणं बरं नव्हे. हे सगळं व्हायला हवंच, आणि लवकर व्हायला हवं. पण मला राहून राहून वाटतं, हिरकणीला त्या संध्याकाळी दरवाजाशी तुमच्यासारखं कोणी भेटलं असतं, तर तिला कडा उतरावा लागला नसता. आपण तिच्या धाडसाचं कौतुक करतो, ते करावंच. पण लेकराच्या आईवर दर वेळी धाडस करायची पाळी का यावी? त्या फूड मॉलमधल्या माणसाकडे खुर्च्या होत्या, पंखे होते, आडोसा करता येईल अशी मोठी झाडं कुंड्यांत लावली होती. तुमच्याकडे एक काठी होती.

पुढचं तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. बाहेर सासूबाईंनी सावलीतला बाक धरून ठेवला होता. त्यांनी दुपट्याचा आडोसा केला आणि बाळ सकाळपासून पहिल्यांदा पोटभर प्यायलं. दोन्ही बाजूंनी. ढेकर काढला तोवर झोपून गेलं. तेवढ्यात मोठी भिजून आली, केसांतून पाणी गळतंय, राजासॉरस कसा अंगावर आला ते हातवारे करून सांगतेय. सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, ‘आई, तू एक तरी राइड करशील का माझ्याबरोबर? एकच.’ सासूबाई म्हणाल्या, ‘जा. झोपलंय ते. मी आहे.’

मी गेले. घोड्यांच्या गोल फिरणाऱ्या पाळण्यात बसलो, ती पुढच्या घोड्यावर, मी मागच्या. आठ वर्षांच्या मुलीला तो खरं तर लहान मुलांचा खेळ वाटायला हवा होता, पण ती सारखी मागे वळून बघत होती, मी खरंच बसलेय ना म्हणून. बाळ झाल्यापासून त्या पोरीला मी एकटी अशी मिळालेच नव्हते. तो वेळ तिला तुम्ही दिलात.

कामाच्या ठिकाणी असं मशीन बंद केल्यावर कोणी तुम्हाला बोललं तर नाही ना, ही काळजी मला घरी आल्यावर वाटली. म्हणून पार्कच्या लोकांनाही मी वेगळं लिहिलंय, की दिवाळीच्या सुट्टीत दुपारी तिथे ज्या मावशी कामावर होत्या, त्यांनी आमच्यासाठी काय केलं, आणि त्यांना शाबासकी द्या. ते तुमच्यापर्यंत पोचलं असेल अशी आशा आहे. आम्ही बाळाला चालायला लागल्यावर पुन्हा आणू, तेव्हा सरळ तुमच्याकडेच येणार आहोत.

बाळ छान आहे. बाळसं धरलंय, पालथं पडायला शिकलंय, आणि अजून आवाजाला दचकतं. पण आमच्या घरात आता मिक्सर लावायच्या आधी मोठी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते आणि ओरडून विचारते, ‘बाळ कुठे आहे? मी त्याला आत नेऊ का?’ हे तिला आम्ही शिकवलेलं नाही. घरी येताना गाडीत तिला तुमची गोष्ट सांगितली होती, तेवढीच.

मनापासून आभार, मावशी.

तुमची,
बेसिनपाशी उभी असलेली ती आई