दोन मराठी चित्रपट, दोन तऱ्हा

मा. संपादक,

सप्टेंबर २०२५ मध्ये आठवड्याच्या अंतराने प्रदर्शित झालेले ‘दशावतार’ आणि ‘साबर बोंडं’ हे दोन्ही चित्रपट चित्रपटगृहात पाहिले, त्यांविषयी थोडेसे. ‘दशावतार’मध्ये दिलीप प्रभावळकरांनी वयाची ऐंशी ओलांडल्यावर उभा केलेला बाबुली मेस्त्री, विशेषतः नजर अधू होत चालली असतानाही चेहऱ्याला रंग लावून रंगमंचावर उतरण्याची त्याची ओढ, थक्क करणारी आहे; उत्तरार्धात मात्र खाणकामाचा प्रश्न सूडनाट्यात हरवतो. ‘साबर बोंडं’चा सूर याच्या अगदी उलट आहे. वडिलांच्या निधनानंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला आनंद, त्याच्या लग्नाची नको तितकी काळजी वाहणारे नातेवाईक (ते कोणाकडे नसतात?) आणि बालमित्र बाळ्या यांची गोष्ट दिग्दर्शक रोहन कानवडे कसलीही घाई न करता सांगतात. आईला मुलाचा समलिंगी कल ठाऊक आहे आणि तिने तो स्वीकारला आहे, हे भाषणबाजीविना पोहोचते, यातच मला या चित्रपटाचे मोठेपण वाटते. सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळवणाऱ्या या चित्रपटाला आमच्या शहरात मात्र दुपारचा एकच खेळ मिळाला. नोकरदार प्रेक्षकांसाठी संध्याकाळचा एखादा खेळ ठेवणे चित्रपटगृहचालकांना खरोखरच अशक्य होते काय?

– एक चित्रपटप्रेमी वाचक